खांद्यावरच्या रेघा

हळदीला नवऱ्यामुलाला उघडं बसवतात, ही गोष्ट माझं स्वतःचं लग्न ठरेपर्यंत मला कधी खटकली नव्हती. भांडुपच्या आमच्या चाळीत मी डझनभर हळदी पाहिल्या. पाटावर बसलेला नवरामुलगा, कपाळाला मुंडावळ्या, कमरेला पंचा आणि वर काहीच नाही. कोणाचं पोट सुटलेलं असायचं, कोणाच्या बरगड्या मोजता यायच्या, आणि आम्ही पोरं मागे उभी राहून खिदळायचो. आता त्या पाटावर मी बसणार होतो, आणि माझ्या दोन्ही खांद्यांवर, काखेच्या पुढच्या बाजूपासून वर दंडापर्यंत, जांभळट लाल रेघा होत्या. उजवीकडे अकरा, डावीकडे नऊ. मी मोजल्या होत्या.

या रेघा आल्या त्या साखरपुड्याच्या फोटोंमुळे. मी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत कामाला आहे. बारीक अंगकाठीचा तिथे फायदाच असतो, कारण जिथे दुसरा शिरत नाही त्या फटीत मला पाठवतात. पण फोटोत मी शेरवानीच्या आत असा दिसत होतो की शेरवानी हँगरलाच लटकलेली बरी दिसली असती. शेजारी होणारी बायको चांगली भरल्या अंगाची, हसरी. आमच्या मावशीने फोटो पाहून विचारलं की मुलाला बरं नव्हतं का. लग्नाला आठ महिने होते. मी दुसऱ्याच दिवशी स्टेशनजवळच्या जिममध्ये नाव घातलं.

मी कुठलीही गोष्ट करतो ती डोक्याने न करता हट्टाने करतो, हे घरातले सगळे सांगतील. ट्रेनरने सांगितलं, हळूहळू वाढव. मी रोज आठ अंडी खायला लागलो, डझनाने केळी, रात्री दूध, सकाळी पुन्हा दूध. चार महिन्यांत तेरा किलो चढलो. शर्ट दंडात अडकायला लागले, एका लिफ्टच्या डक्टमध्ये मी स्वतः अडकलो, आणि मला त्याचासुद्धा आनंद झाला. मग एके दिवशी आरशासमोर हात वर केला आणि काखेजवळ त्या रेघा दिसल्या. आधी वाटलं बॅगेच्या पट्ट्याच्या असतील. आठवड्याने त्या वाढल्या.

जिममधला माझा जोडीदार, जो मला बेंचवर वजन उचलताना हात लावायचा, त्याने पाहिलं आणि डोळा मारून विचारलं, कोणाकडून घेतोस. मला आधी कळेना. मग तो म्हणाला, अशा रेघा सुई मारणाऱ्यांनाच येतात, आपल्याला नको सांगू. त्या जिममध्ये दोन-तीन पोरं खरंच अंग फुगवायची इंजेक्शनं घ्यायची आणि त्यांच्या छातीवर असल्या रेघा होत्या. मी शपथा घेतल्या. जितक्या शपथा घेतल्या तितका त्याचा विश्वास उडत गेला. त्या दिवसापासून मी जिमला बाह्यांचा टी-शर्ट घालून जायला लागलो.

जिमचं काही नाही हो, लोकांनी काय वाटेल ते समजावं. मला भीती होती बाबांची. बाबा तरुणपणी लालबागला व्यायामशाळेत जायचे. माझे आजोबा गिरणीत होते, चाळीतल्या एका खोलीच्या गाळ्यात झोपायला जागा नसायची, म्हणून पोरं व्यायामशाळेतच पडून असायची, जोर-बैठका आणि मल्लखांब करायची. त्यामुळे शरीर कमावण्याबद्दल बाबांचं मत एकदम कडक. शेजारच्या इमारतीतला एक मुलगा सहा महिन्यांत टरारून फुगला तेव्हा बाबांनी खिडकीतून बघून सांगितलं होतं की ही सुईची बॉडी, ही टिकत नाही आणि माणसालाही टिकू देत नाही. त्या दिवसापासून बाबा त्या मुलाशी बोलायचे बंद झाले. माझ्या रेघा पाहून ते माझ्याशीही बोलायचे बंद झाले असते तर लग्नाची मजा तिथेच संपली असती. मी खोटं बोलत नाही हे त्यांना पटवायला माझ्याजवळ शपथेशिवाय काहीच नव्हतं, आणि शपथेचा अनुभव नुकताच घेतला होता.

त्यात बाबांचे स्वतःचे खांदे. ते आधी सांगायला हवेत.

बाबा एलबीएस मार्गावरच्या एका कंपनीच्या गोदामात होते. ट्रक आला की गोण्या उतरवायच्या, गेला की भरायच्या. मी लहान होतो तेव्हा ते कामावरून आले की शर्ट काढून खिडकीशी उघडे बसायचे, आणि त्यांच्या खांद्यांवर पुढच्या बाजूने चकचकीत पांढऱ्या रेघा दिसायच्या. मी पाचवीत असताना 'माझे बाबा' या विषयावर निबंध लिहिला. त्यात लिहिलं की माझ्या बाबांच्या खांद्यांवर गोण्यांचे वळ आहेत आणि त्या प्रत्येक वळाने मला शाळेत पाठवलं आहे. बाईंनी तो वर्गात वाचला आणि वाचता वाचता त्यांना रडू आलं. मग तो स्नेहसंमेलनात मी स्टेजवर वाचला. आईला हुंदका आवरेना. बाबा शेजारी बसून समोर बघत होते, चेहऱ्यावर काही नाही. चाळीतली माणसं नंतर घरी आली, कोणी बाबांच्या पाठीवर हात ठेवला, एका आजोबांनी तर वळ दाखव म्हणून शर्ट काढायला लावला.

त्यानंतर बाबा घरात उघडे बसायचे बंद झाले. बाह्यांचं बनियन आणलं, कोपरापर्यंतचं, आणि मे महिन्यातसुद्धा तेच. घामाने अंगाला चिकटायचं, पण काढायचे नाहीत. आईने विचारलं तर म्हणायचे, वारा बाधतो. मी त्याचाही अर्थ लावला. दहावीच्या निबंधात लिहिलं की माझे बाबा आपले कष्ट लोकांपासून झाकून ठेवतात. त्यालाही चांगले मार्क मिळाले.

तर बाबांच्या खांद्यांवर कष्टाचे वळ आणि माझ्या खांद्यांवर आठ अंड्यांच्या रेघा, असा तो सामना होता. मी उपाय शोधायला लागलो.

मोबाईलवर पाहिलं तर कोणी म्हणे कोरफड लावा, कोणी बटाट्याचा रस, कोणी कॉफी आणि साखर घासा. बटाट्याचा रस मी तीन दिवस लावला आणि ऑफिसात वास आला म्हणून सोडला. मग कुठेतरी वाचलं की कोकमाच्या बियांचं तूप अशा रेघांना उत्तम. आता ही वस्तू आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून आहे. आम्ही तिला मुठेल म्हणतो. देवगडहून काकी पाठवते, मुठीत दाबून वळलेला पांढरट, टणक गोळा. आई थंडीत टाचांच्या भेगांना लावते. चुलीजवळ नाहीतर गॅसजवळ जरा धरला की पाघळतो, मग बोटाने घ्यायचा. दुकानात तेच इंग्रजी नावाच्या डबीत पाहिलं तेव्हा मला आमच्या काकीचा फार अभिमान वाटला.

आई मुठेल स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, झाकण हरवलेल्या डब्यात ठेवायची. मी रोज सकाळी आंघोळीआधी सुरीने थोडं खरवडून न्यायचो. पंधरा दिवसांत मोठ्या लिंबाएवढा गोळा सुपारीएवढा झाला. आईने एके दिवशी डबा खाली काढला आणि कडेला सुरीचे ओरखडे पाहून सांगून टाकलं की उंदीर झालाय, दात बघा मेल्याचे. चाळ पाडून बांधलेल्या नव्या इमारतीत आठव्या मजल्यावर उंदीर कसा येईल हे मी विचारलं, तर म्हणाली, लिफ्टने. संध्याकाळी पिंजरा आला, त्यात सुका बोंबील अडकवला, आणि चार दिवस आमचं घर बोंबलाच्या वासाने भरून गेलं. बाबा पेपर वाचत बसले होते. मान वर न करता एवढंच म्हणाले, "ऱ्हवांदे गो. बोंबील खाणारो उंदीर नाय तो."

मी ते बोलणं तसंच सोडून दिलं. तेव्हा जरा लक्ष दिलं असतं तर पुढचे दोन महिने सुखात गेले असते.

मुठेलाने कातडी मऊ झाली हे खरं. रेघा होत्या तिथेच होत्या. लग्नाला अडीच महिने राहिले तेव्हा हळदीच्या कपड्यांचा विषय निघाला. होणारी बायको कांजूरची, मुलुंडला एका लॅबमध्ये काम करते, लोकांच्या रक्ताच्या बाटल्या हाताळते आणि तिला कसलीच किळस नाही. तिने माझ्यासाठी छापील नाव असलेलं बिनबाह्यांचं पिवळं बनियन बघून ठेवलं होतं. मी म्हटलं, कुर्ता घालतो. ती म्हणाली, हळदीचा कुर्ता फुकट जातो. मी म्हटलं, जाऊ दे. ती म्हणाली, तुझ्यासारखा चिंगूस माणूस कुर्ता फुकट घालवतोय म्हणजे काहीतरी आहे. नाहूर स्टेशनबाहेर सँडविचवाल्याच्या बाकड्यावर बसून मी तिला सगळं सांगितलं, सुई, शपथा, बाबा, उंदीर. शर्टाचं वरचं बटण काढून थोडं दाखवलंही.

ती वाकून बघत होती, रक्ताचा नमुना बघावा तशी. मग म्हणाली, "एवढंच? माझ्या मांड्यांवर दहावीपासून आहेत रे. मला कधी कोणी सुईचं विचारलं नाही."

मला वाटलं होतं ती समजूत घालेल. तिने सँडविच संपवलं आणि फोन काढून मुलुंडच्या एका त्वचेच्या डॉक्टरची वेळ घेतली. तिच्या लॅबमधल्या सगळ्यांना ती डॉक्टरबाई माहीत होती.

डॉक्टरबाईंनी खांदे पाहिले, औषधं विचारली, गोळ्या, क्रीम, इंजेक्शन काही घेतोस का म्हणून तीनदा विचारलं. तिन्ही वेळा नाही म्हटल्यावर त्यांनी ते मान्य केलं, हा मला त्या दिवसातला सर्वांत मोठा दिलासा. मग समजावून सांगितलं की अंग पटकन वाढलं की वरची कातडी ताणते आणि आतला थर फाटतो, त्याच्या या खुणा. वयात येताना येतात, बाळंतपणात येतात, जाडी वाढली की येतात, व्यायामाने येतात. काही गोळ्या-क्रीमनेही येतात, पण रेघ पाहून कारण ओळखता येत नाही. माझ्या अजून लाल आहेत हे चांगलं, कारण लाल रेघा नव्या असतात आणि औषधाला ऐकतात. पांढऱ्या झाल्या की हट्टी होतात. पुसून कधीच जात नाहीत, पण इतक्या फिक्या होतात की शोधाव्या लागतात. रात्री लावायची एक क्रीम दिली, वाटाण्याएवढी, एक रात्रीआड. कातडी कोरडी होईल, सोलेल, घाबरायचं नाही. दिवसा ऊन लागू द्यायचं नाही. हवं तर पुढे बारीक सुयांच्या यंत्राने उपचार करता येतात, असं म्हणाल्या, तेव्हा सुई शब्दाने मी एवढा दचकलो की होणारी बायको खुर्चीत तोंड दाबून हसली. मुठेलाचं विचारलं. त्या म्हणाल्या, लावा की, कातडीला बरं वाटतं, रेघांवर फार विश्वास ठेवू नका. आणि शेवटी, हळद आहे ना? मग दहा दिवस आधी क्रीम बंद करा. हे त्यांनी कागदावर खाली रेघ मारून लिहून दिलं.

दीड महिन्यात फरक दिसला. जांभळट रंग उतरला, रेघा तपकिरी झाल्या, बारीक झाल्या. लांबून दिसेनात. मी इतका खूश झालो की आईला नवीन मुठेल मागवून दिला आणि उंदीर गेल्याचं जाहीर केलं. इथे शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं. पण मी हिशेब केला की एक रात्रीआड लावून एवढं झालं, तर शेवटचे दहा दिवस रोज लावून किती होईल. दहा दिवस आधी बंद करण्याऐवजी मी दहा दिवस चौपट लावली. सकाळीही आणि रात्रीही. डॉक्टरबाईंची सूचना अगदी उलटी करून पाळली म्हणा ना.

हळदीच्या दिवशी सकाळी खांद्यांची कातडी उन्हात वाळलेल्या पापडासारखी सुटत होती आणि खाली गुलाबी, नाजूक कातडी. रेघा मात्र खरोखर दिसत नव्हत्या. मी आरशात तीन वेळा पाहिलं. तरी पिवळं बनियन घालूनच खाली उतरलो. इमारतीच्या आवारात मांडव होता, बेंजो वाजत होता, आणि आत्या, म्हणजे बाबांची बहीण, हळदीचं ताट घेऊन उभी. तिने बनियन पाहिलं आणि म्हणाली, हळद बनियनला लावायची की नवऱ्याला. चार बायकांनी हात धरले आणि बनियन गेलं.

आमच्यात हळद आंब्याच्या पानाने लावतात, पायापासून वर. पाय, गुडघे, मग खांदे, मग कपाळ. आत्याने पान खांद्याला टेकवलं तेव्हा झोंबलं, मी दात आवळून बसलो. मग बाकीच्या आल्या आणि पानं बाजूला राहून हाताने फासणं सुरू झालं. थोड्या वेळाने मावशीने ओल्या फडक्याने माझे दोन्ही खांदे पुसले, कारण तिला फोटोसाठी हळद नीट लावायची होती. हळद पुसली गेली, फक्त रेघांमधून पुसली गेली नाही. सोललेल्या कातडीत, प्रत्येक रेघेत, ती घट्ट जाऊन बसली होती. दोन महिने फिकी करत आणलेली एकेक रेघ झेंडूसारखी पिवळीधमक उठून दिसत होती. अकरा आणि नऊ, कोणालाही मोजता आल्या असत्या.

नेमका तेव्हा बेंजो दोन गाण्यांच्या मधे थांबला. जिमची पोरं मागे उभी होती आणि माझा जोडीदार शेजारच्याला सांगत होता, "बघितलंस? मी बोललो होतो ना, सुईशिवाय एवढं होत नाही." त्याने हळूच सांगितलं असेल, पण सगळ्यांनी ऐकलं. आत्या माझ्याकडे बघायला लागली. आणि चहाच्या टेबलाशी पाहुण्यांना कप देत उभे असलेले बाबा वळले.

ते हात पुसत माझ्याकडे आले. त्यांनी वाकून आधी एक खांदा पाहिला, मग दुसरा. मी खाली पाटाकडे बघत होतो. मला वाटलं आता ते न बोलता वर निघून जातील, आणि उद्या मंडपात माझ्या शेजारी उभे राहतील तेही असेच न बोलता. माझ्या तोंडून शपथ सुटायच्या बेतात होती.

बाबांनी शर्टाची बटणं काढली. शर्ट मावशीच्या हातात दिला. मग ते बाह्यांचं बनियन डोक्यावरून काढलं, माझ्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसले आणि आत्याला म्हणाले, माका पण लाव गो. भर सकाळच्या उन्हात त्यांचे खांदे मी वीस वर्षांनी पाहत होतो. काखेच्या पुढच्या बाजूपासून वर दंडापर्यंत पांढऱ्या रेघा. जिथे माझ्या होत्या तिथेच, तशाच तिरक्या.

मग त्यांनी मागे वळून जिमच्या पोरांकडे पाहिलं आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "सुयेक घाबरता तो. डाक्टर दिसलो तर कॉटखाली जाऊन बसायचो. हेच्या खांद्यार सुई नाय, अंडी आसत. रोजची आठ."

आधी आत्या हसली, मग सगळा मांडव. माझा जोडीदारही हसला आणि पुढे येऊन त्याने माझ्या तोंडाला मूठभर हळद फासली, ती त्याची माफी. बेंजो सुरू झाला. आत्याने बाबांना पायापासून हळद लावली, आणि त्यांच्या खांद्यांवर ती पसरली तरी खालच्या रेघा पांढऱ्याच राहिल्या. जुन्या रेघा हट्टी असतात, डॉक्टरबाई म्हणाल्याच होत्या.

नंतर आम्ही दोघं न्हाण्यासाठी वर गेलो. मला आधी न्हाऊ घालायचं म्हणून बायकांचं पाणी तापवणं चालू होतं, उष्टी हळद वाटीत काढून कांजूरला पाठवायची होती, आणि आईने बजावलं होतं की सोफ्याला हात लागला तर बघा. म्हणून आम्ही बाहेरच्या खोलीत जुन्या पेपरवर बसलो, अंगावरची हळद सुकत होती, खाजत होती. मी कितीतरी वेळ बाबांच्या खांद्यांकडे बघत होतो. शेवटी विचारलं की हे गोण्यांचे वळ नाहीत का.

बाबा म्हणाले, "गोणी पाठीर घेतत रे. खांद्याच्या फुडे वळ कशे येतले?"

मी लिफ्टची मशीनं खोलून जोडतो, आणि ही साधी गोष्ट मला वीस वर्षांत सुचली नव्हती. मग त्यांनी सांगितलं. लग्नाआधी एक वर्ष त्यांनी व्यायामशाळेत स्वतःला जुंपून घेतलं होतं, कारण आईकडची माणसं पहिल्यांदा बघायला आली तेव्हा तिच्या भावाने त्यांना काडी म्हटलं होतं. अंडी परवडायची नाहीत, भिजवलेले चणे आणि शेंगदाणे खायचे. रेघा उठल्या. हळदीला लोक काय म्हणतील म्हणून त्यांनी आजीच्या डब्यातला मुठेल चोरून चोरून लावला. "माझ्या आवशीन पण पिंजरो लावल्यान," ते म्हणाले, आणि इतके हसले की सुकलेली हळद पेपरवर गळली.

म्हणजे त्यांना उंदीर पहिल्या दिवसापासून माहीत होता. सुईचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं, आणि मी मात्र दोन महिने त्यांच्यासमोर टी-शर्ट घालून हिंडत होतो. मी विचारलं, मग निबंधाच्या वेळी सांगितलं का नाहीत.

ते जरा वेळ नखातली हळद काढत राहिले. "तू घरी येऊन सांगलंस, बाई रडली. मगे मी काय सांगू? बाई, रडा नको, ते व्यायामशाळेतले आसत? तुझो निबंध खोटो झालो असतो."

आणि बनियन? तेही त्यांनीच सांगितलं, मी न विचारता. त्या आजोबांनी शर्ट काढायला लावून वळ पाहिले आणि हात जोडले. बाबांना ते सहन झालं नाही. खरं सांगावं तर पोर स्टेजवर खोटं बोललं असं होणार, आणि उघडं बसावं तर लोक नसलेल्या वळांना हात जोडणार. म्हणून दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेले आणि बाह्यांची तीन बनियनं घेऊन आले.

मी त्यावर दहावीत आणखी एक निबंध लिहिला होता, हे मला तेव्हा आठवलं. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा कितीतरी जास्त बरं वाटलं. मला लहानपणापासून वाटत आलं होतं की मी त्यांच्या कष्टांच्या जवळपासही पोचणार नाही. आणि हा माणूस माझ्यासारखाच, बायकोच्या भावाने काडी म्हटलं म्हणून जोर मारणारा, आईचा मुठेल चोरणारा. गोण्या त्यांनी उचलल्याच होत्या, ते काही खोटं नाही. पण खांदे आमचे दोघांचे एकाच कारणाने फाटले होते. मी त्यांना मिठी मारली, दोघं तोल जाऊन भिंतीला टेकलो आणि तिथे पिवळा डाग पडला, तो अजून आहे. आईला आम्ही सांगितलं की तो तिच्या भावामुळे पडला. तिला कळलं नाही, मग कळलं.

उष्टी हळद कांजूरला पोचायच्या आधी बातमी पोचली होती. होणाऱ्या बायकोचा फोन आला की तुझ्या खांद्यांवर कोणी झेब्रा क्रॉसिंग आखलंय म्हणे, आणि डॉक्टरबाईंनी कागदावर खाली रेघ मारून लिहिलेलं तुला वाचता येत नव्हतं का. हळदीचा रंग पाच दिवस गेला नाही. लग्नात शेरवानीच्या आत मी पट्टेदारच होतो, आणि शेरवानी या वेळी माझ्या अंगावर बसली होती.

याला आता तीन वर्षं झाली. डॉक्टरबाईंकडे पुन्हा गेलो, ओरडा खाल्ला, क्रीम सांगितली तशी लावली. रेघा आता फिकट पांढऱ्या झाल्यात आणि खरंच शोधाव्या लागतात. मी शोधत नाही. वजनातले सहा किलो उतरलेत, कारण लिफ्टच्या डक्टमध्ये पुन्हा जावं लागतं. मुठेल बायको हाताला लावते, आई टाचांना, आणि गोळ्यावर सुरीचे ओरखडे दिसले तर कोणी पिंजरा लावत नाही.

बाबा घरात उघडे बसतात. खिडकीशी, पेपर घेऊन, पंख्याखाली. गेल्या मे महिन्यात आईकडचे पाहुणे यायचे होते, तेच मामा, तेव्हा आई म्हणाली की अहो, निदान त्यांच्यासमोर तरी बनियन घाला.

बाबांनी पेपर खाली ठेवला नाही. म्हणाले, "वीस वर्सां घातलंय. आता पुरे."